अंगण वाकडंच होतं

हॉलची फरशी बदलायची ठरली तेव्हा मला एकच काळजी होती: किती दिवस धूळ खावी लागणार? फरशी म्हणजे दगड, दगड म्हणजे चौकोन, आणि चौकोनाला चौकोन लावत गेलं की खोली भरते, एवढं माझं या विषयातलं ज्ञान. दुकानातल्या पोराने ते एका वाक्यात निकालात काढलं.

“सर, शेप कोणता बघणार?”

“फरशीचा,” मी म्हणालो.

रिपोर्ट वाचून डॉक्टर जसे गप्प होतात तसा तो गप्प झाला, आणि मग मला सोडून थेट बायकोशी बोलू लागला. पुढच्या दोन महिन्यांत माझ्याशी कोणीच थेट बोललं नाही.

चौकोन, आयत, षटकोन, पतंगाच्या आकाराचे, माशाच्या खवल्यांसारखे. आकार ठरला की तो मांडायचा कसा, हा पुढचा प्रश्न. सरळ, तिरका, विटांच्या बांधकामासारखा अर्धा सरकवून, किंवा एक तृतीयांश सरकवून. हा एक तृतीयांश मला आधी फॅशन वाटला होता, पण त्याला कारण निघालं. लांब फरशी मध्यभागी केसभर फुगलेली असू शकते. अर्धी सरकवली की एकीचा फुगवटा नेमका शेजारणीच्या टोकाला येतो आणि अंगठ्याला ठेच लागते. एवढी अक्कल लावून मांडलेल्या जमिनीवर मी आयुष्यभर नुसता चालत होतो.

घरात पहिलं भांडण झालं ते हेरिंगबोन आणि शेवरॉनवरून. मला दोन्ही एकच वाटले. “अहो, नीट बघा!” हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकलं की शेवटी मी खरंच नीट बघितलं. हेरिंगबोनमध्ये साध्या आयताकृती पट्ट्या असतात आणि एकीचं टोक दुसरीच्या कुशीत काटकोनात शिरतं. शेवरॉनमध्ये पट्ट्यांची टोकं तिरकी कापलेली असतात, त्यामुळे टोकाला टोक भिडून सरळ बाण तयार होतात. फरक कळल्याचा आनंद मला इतका झाला की मी तो शेजाऱ्यांना, लिफ्टमध्ये भेटलेल्या एका अनोळखी गृहस्थांना आणि फोनवर मेहुण्याला समजावून सांगितला. मेहुणा म्हणाला, “दाजी, बरे आहात ना?”

बरा नव्हतोच. खिशात मेजरिंग टेप घेऊन हिंडायची सवय लागली होती. लोकांच्या घरी गेलो की नमस्काराच्या आधी जमिनीकडे नजर जायची. एकांना वाटलं मी पाया पडतोय. त्यांनी आशीर्वादही दिला.

मग दगड कोणता, हा मुद्दा. सांगायला हवं की नैसर्गिक दगडाच्या दुकानात ‘खराब’ हा शब्दच नसतो. डाग दाखवला तर “नॅचरल आहे सर”. चीर दाखवली तर “नॅचरल आहे”. एका पेटीतल्या दोन फरश्या दोन वेगळ्या खंडांतून आल्यासारख्या दिसल्या, तर “तीच तर ब्युटी आहे”. हीच वाक्यं मी माझ्या टकलाबद्दल घरी वापरून पाहिली. चालली नाहीत.

ट्रॅव्हर्टाइन नावाचा एक दगड मला आवडला होता. बदामी रंग, अंगभर बारीक भोकं. झऱ्याच्या पाण्यातला चुना थरावर थर साचून हा दगड होतो आणि त्यात वायूचे बुडबुडे अडकले की ही भोकं राहतात, असं पोराने सांगितलं. वर सर्टिफिकेट जोडलं: “रोमचं कलोझियम याच दगडाचं बांधलंय, मॅडम!”

“त्याची आज काय अवस्था आहे ते पाहिलंय मी,” बायको म्हणाली आणि पुढच्या रॅककडे वळली.

पुढच्या रॅकवर संगमरवर होता. पांढराशुभ्र, करड्या शिरांचा. तिथे ती विरघळली. नमुन्याचा तुकडा घरी आला आणि टीपॉयवर देवासारखा बसला. मी कुठेतरी वाचलं होतं की संगमरवर म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेट, आणि आम्लाशी त्याचं जमत नाही. वाचलेलं पडताळून पाहण्याचा मला वाईट नाद आहे. रात्री सगळे झोपल्यावर मी त्यावर लिंबाचा एक थेंब टाकला. कान जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू आल्यासारखी वाटली. पाच मिनिटांनी पुसलं. थेंब गेला, पण त्याच्या जागी चकाकी उडालेला, बोटाला किंचित खरखरीत लागणारा एक गोल राहिला. ओल्या फडक्याने घासला, कोरड्या फडक्याने घासला, शर्टाच्या बाहीने घासला. तो डाग नव्हताच मुळी. तेवढी पॉलिशची कातडी थेंबाने खाल्ली होती, आणि नसलेली गोष्ट पुसणार कशी?

सकाळी बायकोने तुकडा उजेडात धरला.

“हे काय?”

“नॅचरल आहे,” मी म्हणालो.

संगमरवर बाद झाला. त्याचं श्रेय मला मिळालं नाही, फक्त दोष मिळाला.

याच सुमारास मला पंचकोनाचं वेड लागलं. षटकोन तर सगळेच लावतात, आपण वेगळं काही करू, म्हणून मी पुठ्ठ्याचे पंचकोन कापून हॉलमध्ये मांडायला बसलो. षटकोनाचा एक कोन १२० अंशांचा, त्यामुळे तीन एकत्र आले की ३६० होतात आणि मामला बंद. पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा. तीन लावले की ३२४ भरतात आणि ३६ अंशांची फट तोंड वासून राहते. चौथा त्या फटीत मावत नाही. समान बाजू आणि समान कोन हवे असतील तर त्रिकोण, चौकोन आणि षटकोन हे तीनच आकार जमीन बिनफटीची भरतात. बाकी सगळे ‘ॲडजस्ट करा’ म्हणणारे.

पण बाजू कमीजास्त चालत असतील तर पंचकोनही बसतो, आणि त्याची हकीकत वाचून मी हरखून गेलो. मार्जोरी राइस नावाच्या अमेरिकन गृहिणीने, शाळेपलीकडे गणित शिकलेलं नसताना, १९७५ साली एका मासिकात हा विषय वाचला आणि घरकामातून वेळ काढून पंचकोनी मांडणीचे चार नवे प्रकार शोधून काढले. तिच्या पंचकोनांची फरशी पुढे वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या गणित संघटनेच्या इमारतीत बसवली गेली. आत वळलेला कोपरा नसेल तर असे एकूण प्रकार पंधराच, हे २०१७ मध्ये फ्रेंच गणितज्ञ मिशाएल राव यांनी सिद्ध केलं. हे सगळं मी बायकोला उत्साहाने सांगितलं. तिने पुठ्ठ्याच्या कपच्यांकडे बोट दाखवून विचारलं, “आणि त्या बाईच्या घरी केर कोण काढत होतं?”

मिस्त्रींनाही मी सोडलं नाही. २०२३ मध्ये तेरा बाजूंचा एक असा आकार जाहीर झाला की त्याने कितीही मोठी जमीन भरली तरी नक्षीची घडी पुन्हा पुन्हा येत नाही, हे त्यांना समजावलं. ते खांबासारखे निश्चल बसून ऐकत होते.

“म्हणजे लावताना चुकलं तरी कळणार नाही?” त्यांनी विचारलं.

“तसं नाही, पण…”

“मग नको. आणि तेरा बाजू कापायला ब्लेड किती जातील, साहेब?”

सांध्यांच्या रंगावर आठ दिवस गेले. त्यात फार खोलात जात नाही. तीच फरशी, पण सांधा गडद भरला की आलेखवही दिसते आणि फरशीच्याच रंगाचा भरला की सगळं एकसंध दिसतं, एवढं कळायला आठ दिवस लागावेत असं काही नाही. पण लागले. राखाडीचे सतरा प्रकार होते आणि मला त्यातले दोन दिसत होते.

शेवटी आम्ही थकलो, आणि थकलेली माणसं घेतात तो निर्णय घेतला. स्लेट. शाळेत ज्याच्या पाट्या असायच्या तोच करडा-काळा दगड. आकार चौकोन, एक बाय एक फूट. मांडणी सरळ. दोन महिन्यांपूर्वी, शेप कोणता असं विचारल्यावर, माझ्या डोळ्यांसमोर होतं तेच. हे मी बोलून दाखवलं नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत.

खोली १२ बाय १५, म्हणजे १८० चौरस फूट. कापाकापीचे दहा टक्के धरून १९८. “सगळा माल एकाच लॉटचा घ्या, नंतर असा रंग मिळणार नाही,” असं बजावून दुकानातल्या पोराने आम्हाला मोकळं केलं.

मिस्त्री आले. त्यांनी आधी चार पेट्या फोडून फरश्या आलटून पालटून कोरड्याच मांडल्या, म्हणजे काळपट तुकडे एका कोपऱ्यात सभा भरवणार नाहीत. मग गुण्या लावला, दोरी ताणली. कोपऱ्यातून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर खूण. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट यायला हवं. माझाच टेप घेऊन त्यांनी मोजलं. पाव इंचाहून जास्त कमी. पुन्हा मोजलं. तेवढंच.

“साहेब,” ते म्हणाले, “तुमची भिंत वाकडी आहे.”

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मला पाठ होती, म्हणून मी छद्मी हसलो. त्यांनी न बोलता टेपचं टोक माझ्या हातात दिलं. खोलीच्या एका टोकाला रुंदी बारा फूट. दुसऱ्या टोकाला अकरा फूट दहा इंच. एवढी वर्षं मी या खोलीत राहिलो, हिला आयत समजत आलो.

“तिरकी मांडणी असती तर लपलं असतं. षटकोनातही डोळ्याला कळत नाही,” मिस्त्री म्हणाले. “सरळ चौकोन काहीच लपवत नाही.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तेही आता मला संशयास्पद वाटू लागलं होतं.

फरशी बसली. सुंदर बसली. फक्त वाकड्या भिंतीलगतची शेवटची ओळ एका टोकाला पावणेअकरा इंच रुंद सुरू होते आणि निमुळती होत होत दुसऱ्या टोकाला पावणेनऊवर येते. आलेल्या माणसाची नजर सरळ रेषांवरून घसरत बरोबर तिथेच जाते. “तिकडे कपाट टाका, झाकेल,” असा सल्ला देऊन मिस्त्री गेले.

म्हणून पुस्तकांचं बुटकं, बारा फूट लांब कपाट करून घेतलं आणि भिंतीला चिकटवून ठेवलं. ओळ झाकली गेली. पण कपाट आता भिंतीच्या रेषेत उभं होतं आणि फरशी स्वतःच्या. कपाटाच्या पायाशी सांध्याची रेघ अशी तिरपी निघाली होती की ते कपाट घर सोडून चाललंय असं वाटावं. तेव्हा दोघांनी मिळून, पुस्तकं काढून, एक टोक पुढे ओढलं आणि कपाट फरशीच्या रेषेत आणलं. आता समोरून बघाल तर सगळं काटकोनात आहे. मागे, एका टोकाला, दीड इंचाची फट राहिली आहे.

ती नेमकी किती आहे ते मोजावं म्हणून मी वाकलो, आणि टेप हातातून सुटून त्या फटीत पडला.