तरंगत्या वनस्पती सोडल्या की पाणी बदलायला नको?

मत्स्यटाकीबद्दलचा एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो: ‘कोणतीही तरंगती वनस्पती मूठभर सोडा. पाणी बदलायला नको, फिल्टर नको, ऑक्सिजन वाढतो, शेवाळ धरत नाही.’ यातला खरा भाग मुख्यतः हा, की या वनस्पती कार्बन डायऑक्साइड थेट हवेतून घेतात, म्हणून झपाट्याने वाढतात आणि माशांच्या विष्ठेपासून पाण्यात साठणारे अमोनिया, नायट्रेट भराभर शोषतात.

पण शोषलेलं नायट्रेट पानांत असतं, म्हणजे टाकीतच असतं. पान कुजलं की ते पुन्हा पाण्यात उतरतं. आठवड्याला या वनस्पतींचा निदान तिसरा भाग उपसून काढलात तरच ते बाहेर जातं. शिवाय पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. नुसती भर घालत राहिलात तर पाणी जड होत जातं. त्यामुळे आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदलणं सुटत नाही.

ऑक्सिजनचं तर उलटंच आहे. या पानांची रंध्रं (श्वासाची सूक्ष्म छिद्रं) वरच्या बाजूला असतात, म्हणजे तयार झालेला बहुतेक ऑक्सिजन हवेत जातो. वर दाट थर साचला की पाण्याचा हवेशी संबंधच तुटतो आणि पहाटे मासे वर येऊन धापा टाकतात. बीटा आणि गोरामी हे मासे पृष्ठभागावर येऊन हवा घेतात. त्यांना मोकळी जागा हवीच. उपाय सोपा आहे: एअर पंपाच्या नळीचा ८० सेंमी तुकडा घ्या, दोन्ही टोकं जोडणीने जोडा. साधारण २५ सेंमी व्यासाचं तरंगतं कडं होतं. ६० × ३० सेंमीच्या टाकीत अशी दोन कडी आतून रिकामी ठेवली की निम्म्याहून जास्त पृष्ठभाग मोकळा राहतो. एक कडं फिल्टरच्या धारेखाली ठेवा, नाहीतर धारेने पानं बुडून कुजतात. दुसऱ्यात खाद्य टाका.

फिल्टर काढू नका. विष्ठा आणि उरलेलं खाद्य वनस्पती गिळत नाहीत.

शेवाळ सावलीने कमी होतं, हे बरोबर. पण तीच सावली तळाच्या वनस्पतींवरही पडते. अनुबियास, जावा फर्न तग धरतात. तळावर पसरणाऱ्या, भरपूर उजेड लागणाऱ्या वनस्पती मरतात आणि कुजून शेवाळालाच खत पुरवतात.

सगळ्यात घातक शब्द ‘कोणतीही’. डकवीडचं पान दोन ते पाच मिलिमीटरचं, अनुकूल स्थितीत दोन-तीन दिवसांत दुप्पट होणारं. जाळीला चिकटतं, फिल्टरमध्ये शिरतं, एक पान राहिलं तरी पुन्हा सुरुवात. अझोला तर पानांतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतलाच नायट्रोजन वापरतो, मग नायट्रेट कमी करायला तो कशाला? पिस्टियाची पानं कमी उंचीच्या झाकणाखाली दिव्याला टेकून करपतात. रेड रूट फ्लोटर देखणा, पण हलत्या पाण्यात टिकत नाही आणि लाली येते ती फक्त तीव्र प्रकाशात.

पहिली पसंती फ्रॉगबिट. नाण्याएवढं पान, हाताने सहज उचलता येतं, मुळांत पिल्लं लपतात. पाणी आणि झाकणात पाच-सात सेंमी हवा खेळू द्या. झाकणावरून ठिबकणाऱ्या थेंबांनी पानं सडतात. नवी आणल्यावर पहिल्या आठवड्यात काही पानं गळतात, ती लगेच काढा. नवं पान फिकट आलं तर बहुधा लोह कमी, जुनी पानं पिवळी पडली तर नायट्रोजन कमी.

उपसलेली वनस्पती ओढ्यात किंवा तळ्यात टाकू नका, जलपर्णी अशीच पसरते. उन्हात पूर्ण वाळवा, मग खताच्या खड्ड्यात टाका.