उद्या व्याह्यांशी गाठ आहे

३० डिसेंबर २०२४ ची सकाळ. उठलो तर फोनवर अलाबामातल्या हंट्सव्हिलहून, अलाबामा विद्यापीठाच्या एका चाहत्याचा मेसेज. उद्या त्यांच्या संघाशी आमची फुटबॉलची मॅच. पातेलंभर उकडलेल्या शेंगांचा फोटो आणि खाली एक ओळ: "उद्या किती क्वार्टरबॅक आणताय? तिघांनाही एकदम उभं करा, एखाद्याचा तरी पास लागेल."

आमच्या मिशिगन विद्यापीठाच्या संघाने या मोसमात तीन क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारे मुख्य खेळाडू, वापरून पाहिले. त्यांचं पुढे काय झालं ते लिहायला माझा हात धजत नाही. सात जिंकलो, पाच हरलो, एवढ्यावर समजून घ्या. मुकाट्याने चहा ठेवला आणि उकळी फुटेपर्यंत उत्तर शोधलं: "टॅम्पात गोलचे खांब बुडवायला नदी कुठे आहे ते बघून ठेवलंय. पद्धत व्हँडरबिल्टवाल्यांना विचारून घेतली."

संदर्भ लागला नसेल त्यांच्यासाठी: ५ ऑक्टोबरला अलाबामा देशात पहिल्या नंबरवर होती आणि व्हँडरबिल्टकडून ४०-३५ अशी हरली. व्हँडरबिल्ट हे नॅशव्हिलचं विद्यापीठ, म्हणजे या खेळातलं वर्गातलं अभ्यासू, हडकुळं पोरगं. नॅशव्हिलच्या लोकांनी गोलचे खांब उपटले, खांद्यावर घेऊन गावातून मिरवले आणि कम्बरलँड नदीत नेऊन सोडले. 'पुढच्या वर्षी लवकर या' तेवढं म्हणायचं राहिलं.

दोन मिनिटांत तिकडून आलं, "ब्लेस युअर हार्ट." याला आशीर्वाद समजू नका. पुण्यात कुणी तुमचं बोलणं शांतपणे ऐकून "वा, छान" म्हणालं की आपण जसे सावध होतो, तसं व्हायचं.

तर उद्या, ३१ डिसेंबरला दुपारी बारा वाजता फ्लोरिडातल्या टॅम्पाला मिशिगन विरुद्ध अलाबामा. कॉलेज फुटबॉल, अमेरिकन, लांबट चेंडूचा. मोसम संपला की ठीकठाक खेळलेल्या संघांना बोल गेमचं आमंत्रण येतं. बोल म्हणजे वाडगा, जुन्या स्टेडियमच्या आकारावरून पडलेलं नाव. सामना बहुतेक वेळा दोघांचंही घर नसलेल्या गावात होतो आणि समोरचा संघ बऱ्याचदा हजार मैलांवरून आलेला असतो. मला विचाराल तर आपला मराठी 'बोल'च इथे जास्त शोभतो, कारण मॅचआधीचे आठ-पंधरा दिवस नुसता बोलाचालीचा खेळ चालतो.

हंट्सव्हिलच्या या गृहस्थांना मी काका म्हणतो. रॉकेटच्या कामातून निवृत्त झालेत. काका म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगितलंय, तेव्हापासून मेसेजखाली स्वतःच 'काका' लिहितात. ओळख झाली १ जानेवारी २०२४ ला, कॅलिफोर्नियातल्या पासाडेनाच्या गोल्फच्या मैदानावर. त्या दिवशीही मिशिगन विरुद्ध अलाबामाच होतं. रोझ बोल स्टेडियमला लागून ब्रुकसाइडचं गोल्फ कोर्स आहे. मॅचच्या दिवशी त्या हिरवळीवर गाड्या लावतात आणि डिक्क्या उघडून लोक खात-पीत बसतात. इकडे त्याला टेलगेटिंग म्हणतात, मी जत्रा म्हणतो. मुलगा अॅन आर्बरला, मिशिगन विद्यापीठात शिकतो, त्याच्या हट्टापायी आम्हीही गेलो होतो. आमच्या डाव्या हाताला एक व्हॅन, तिच्यावर किरमिजी झेंडा आणि झेंड्यावर हत्ती. म्हणजे शत्रूची छावणी.

पहिली दहा मिनिटं दोन्हीकडून फक्त गुड मॉर्निंग. मग बायकोने स्टीलचा डबा उघडला. पातळ पोह्यांचा चिवडा. काकांनी टोपी मागे सारून डब्यात डोकावलं.

"हेच घालता का तुमच्या डिफेन्सला खायला?"

"नाही, हे जिंकणाऱ्यांसाठी केलंय," बायको म्हणाली. "पण तुम्हीही घ्या."

त्यांनी मूठभर तोंडात टाकला, चावता चावता थांबले, बोटाने एक शेंगदाणा वेगळा काढून बघितला आणि काही न बोलता व्हॅनकडे गेले. आले ते झिपची जाडजूड पिशवी घेऊन. आत उकडलेल्या शेंगा, मिठाच्या पाण्यात अजून कोमट. मी कोल्हापूरचा माणूस. मिशिगनमध्ये गेली वीस वर्षं शेंगदाणे खातोय ते भाजलेले. शेंग उकडून खातात हे तिथल्या गोऱ्या माणसाला सांगितलं तर तो आपल्याकडेच विचित्र नजरेने बघतो. आणि इथे अलाबामाचा म्हातारा पिशवी पुढे करून म्हणतोय, "घ्या, आमच्याकडे असंच खातात." शेंग दाताखाली दाबली, खारं पाणी मनगटावरून थेट बाहीत गेलं आणि मी शत्रूला विचारलं, "अजून आहेत का?"

मग तोंडं सुटली. काका त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, हाक मारून म्हणाले, "या लोकांसमोर जरा हळू बोल गं, खुणा वाचतात ते." त्या मोसमात आमच्यावर प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याचा आरोप होता आणि आमचे कोच जिम हारबॉ नियमित मोसमाचे शेवटचे तीन सामने बाहेर बसले होते. दुखरी जागा होती. मी म्हटलं, "तुमच्या खुणा वाचायची गरजच काय? चौथा डाउन, एकतीस यार्ड, आणि देवाचं नाव." अलाबामाने नोव्हेंबरमध्ये ऑबर्न विद्यापीठाला हरवलं ते बरोबर असंच, चौथ्या डाउनला, म्हणजे चेंडू पुढे न्यायच्या शेवटच्या संधीला, शेवटच्या मिनिटात एकतीस यार्डांचा पास टाकून. काकूंनी छातीवर हात ठेवला. "त्या पासचं नाव काढू नका, डॉक्टरांनी माझी एक गोळी वाढवलीय."

काकांनी १९२६ काढलं. त्या वर्षी अलाबामाने इथे, रोझ बोलमध्ये, सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाला २०-१९ असं हरवलं, आणि दक्षिणेतल्या फुटबॉलला देशाने ओळखलं ते तेव्हापासून. त्यांच्या रणगीतातही रोझ बोलची आठवण आहे, त्यामुळे ही मंडळी पासाडेनाला येतात ती आपण पंढरपूरला जातो तशी. मी १९०२ काढलं. पहिलाच रोझ बोल, मिशिगन ४९, स्टॅनफर्ड ०, आणि आठ मिनिटं बाकी असताना स्टॅनफर्डवाले "पुरे झालं" म्हणून निघाले. त्यानंतर आयोजकांनी १९१६ पर्यंत फुटबॉलचं नावच काढलं नाही, रथांच्या शर्यती लावल्या. काका म्हणाले, "म्हणजे तुमच्याशी खेळण्यापेक्षा लोकांना घोडे बरे वाटले." मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

आता मला जे म्हणायचंय ते. ही गंमत शेजारच्या राज्यातल्या ओहायो स्टेट विद्यापीठवाल्याबरोबर होऊच शकत नाही. प्रयत्न करून बघितलाय, ऑफिसात एक आहे. नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. त्यांच्या कॅम्पसवर त्या आठवड्यात पाट्यांवरचा 'एम' सगळीकडे लाल फुली मारून खोडतात. हा जो राग आहे तो बांधाचा आहे, आणि हे मी उपमा म्हणून सांगत नाही. १८३५ साली ओहायो आणि मिशिगन टोलेडोच्या पट्ट्यावरून खरोखर फौजा घेऊन समोरासमोर उभे राहिले होते. नाव युद्ध, जखमी एक: मिशिगनच्या एका डेप्युटी शेरीफला पेनचाकू लागला. पट्टा ओहायोला गेला, आम्हाला वरचा द्वीपकल्प मिळाला. बांध मोजून झाला तरी भाऊबंदकी संपत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

महिन्यापूर्वीचंच बघा. ३० नोव्हेंबरला आम्ही ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसमध्ये, १३-१० असं जिंकलो, सलग चौथ्या वर्षी. पोरांनी त्यांच्या मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायचा प्रयत्न केला, मारामारी झाली, पोलिसांना डोळ्यांत झोंबणारा फवारा मारावा लागला आणि दोन्ही विद्यापीठांना एकेक लाख डॉलर दंड बसला. जिंकल्याचा आनंद मलाही होता, नाकारत नाही. पण त्या रात्री मी ऑफिसातल्या त्या माणसाला एक ओळसुद्धा पाठवली नाही. काय पाठवणार?

काकांकडेही भाऊबंद आहेतच. ऑबर्न. त्यांच्याच राज्यातलं, दुसऱ्या टोकाचं. २०१० ची मॅच अलाबामा हरली आणि त्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने ऑबर्नच्या टूमर्स कॉर्नरवरच्या जुन्या ओक झाडांना विष घातलं. जिंकल्यावर ऑबर्नची पोरं त्या झाडांवर कागदाच्या गुंडाळ्या उधळायची. वाचवायचे खूप प्रयत्न झाले, शेवटी २०१३ मध्ये झाडं तोडावी लागली. काकांनी हे स्वतःहून सांगितलं, हसत नाही, शेंगांची टरफलं एका पिशवीत गोळा करत. "झाडाने काय केलं होतं?" एवढंच म्हणाले.

मी शिवाजी पेठेत वाढलो. शाहू स्टेडियमवर पेठेपेठेची मॅच असली की पोलीस बंदोबस्त असायचा आणि शाळेतल्या बाकावरची पोरंसुद्धा दोन दिवस एकमेकांशी बोलायची नाहीत. पण बाहेरगावचा संघ आला की मैदानात त्याच्या नावाने कितीही शिट्ट्या वाजोत, संध्याकाळी त्याला तांबडा-पांढरा हा ठरलेला. बोल गेममधला प्रतिस्पर्धी हा असा पाहुणा असतो. खरं तर व्याही. मांडवात मानपानावरून चिमटे काढायचे, विहिणीच्या पंगतीला नावं ठेवायची, पण जुनं काही उकरायचं नाही, कारण उकरायला जुनं काही नसतंच. गेल्या मोसमात पासाडेनाला आम्ही अलाबामाशी खेळलो ती दोन्ही विद्यापीठांच्या सगळ्या इतिहासातली सहावी मॅच. पहिली १९८८ मध्ये. एवढ्यात वैर कसं जुळायचं?

शिवाय व्याह्यांना चिमटा काढायचा तर त्यांच्या घरची माहिती लागते. काकांशी बोलायचं म्हणून मी अलाबामाच्या मॅचेस बघायला लागलो. तिकडे काका आमच्या तिसऱ्या क्वार्टरबॅकचं नावसुद्धा बरोबर घेतात. आमच्या गल्लीत ते किती जणांना येतं, शंका आहे. आमच्यात काही गोष्टींना हात लावायचा नाही हे न ठरवता ठरलंय. पोरांच्या दुखापती नाहीत, कुणाचे आईवडील नाहीत. चोवीस वर्षांच्या आतल्या कुणावरही विनोद नाही, कोचवर मात्र बिनधास्त, कारण त्याला त्याचे पैसे मिळतात. हा नियम काकूंचा.

पासाडेनाची त्या दिवशीची मॅच ज्यांनी बघितली ते विसरणार नाहीत. अलाबामा २०-१३ पुढे, आम्ही १ मिनिट ३४ सेकंद उरले असताना बरोबरी केली. जादा वेळेत आमचा ब्लेक कोरम चेंडू घेऊन गोलरेषेपलीकडे घुसला. मग अलाबामाचा शेवटचा डाउन, गोल तीन यार्डांवर, जेलन मिलरो चेंडू घेऊन सरळ मधे शिरला आणि आमच्या भिंतीत अडकला. २७-२०. मुलगा माझ्या गळ्यात पडून रडत होता. रात्री हॉटेलवर फोन बघितला. काकांचा मेसेज: "शेंगा परत करा." पाठोपाठ दुसरा: "ह्यूस्टनला जिंका. म्हणजे चॅम्पियनकडून हरलो असं तरी सांगता येईल." ८ जानेवारीला ह्यूस्टनच्या अंतिम सामन्यात आम्ही वॉशिंग्टनला ३४-१३ हरवलं तेव्हा पहिलं अभिनंदन हंट्सव्हिलहून आलं. १० तारखेला त्यांचे कोच निक सेबन निवृत्त झाले. सतरा मोसम, अलाबामाला सहा अजिंक्यपदं. त्या दिवशी मी मेसेज केला नाही, फोन केला. काका बराच वेळ हवामानाबद्दल बोलत राहिले. 'रोल टाइड' हे त्यांचं रामराम आहे. सुखात, दुःखात, फोन ठेवतानाही. त्या दिवशी ते त्यांनी इतकं हळू म्हटलं की मीही उलट आमचं 'गो ब्लू' म्हणालो नाही.

माझी तक्रार आहे ती अशी की टीव्हीच्या पैशापायी हे पाहुणेपण संपत चाललंय. १९४७ पासून बहुतेक वर्षं रोझ बोल म्हणजे आमची बिग टेन, म्हणजे आमच्या विद्यापीठांची लीग, आणि पॅसिफिक किनाऱ्याची मंडळी. आता तेच वॉशिंग्टन, ओरेगॉन, यूसीएलए, यूएससी ऑगस्टपासून बिग टेनमध्ये. व्याह्यांना सातबाऱ्यावर घेतलं! ह्यूस्टनला वॉशिंग्टनचे लोक किती गोड बोलत होते. या ऑक्टोबरला सिअॅटलमध्ये त्यांनी आम्हाला २७-१७ हरवलं आणि पुढच्या दहा वर्षांत तिथेही बांध तयार होईल. परवा १ जानेवारीला रोझ बोलमध्ये कोण? ओरेगॉन आणि ओहायो स्टेट. दोघं एकाच घरचे, ऑक्टोबरमध्ये एकदा भांडून झालेले. डोंगर तोच, गोल्फ कोर्स तेच. बघणार मी, पण माझा रस तेवढा नाही.

मुलगा म्हणतो, "बाबा, उद्याच्या मॅचला अर्थ नाही. मेसन ग्रॅहॅम नाही, लव्हलँड नाही, केनेथ ग्रँट नाही, सगळे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या तयारीला गेले." खरंय. ती पोरं गेली याबद्दल मी त्यांना बोल लावत नाही. गुडघा त्यांचा आहे. अलाबामाही नऊ जिंकून, तीन हरून बारा संघांच्या प्लेऑफबाहेर. आणि गंमत बघा, त्यांचे नवे कोच केलन डीबोर म्हणजे ह्यूस्टनला आमच्याकडून हरलेल्या वॉशिंग्टनचेच कोच. काकांना हे मी ऑक्टोबरपासून दर आठवड्याला आठवण करून देतोय.

टॅम्पाला आम्ही दोघंही जात नाही. काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि मला सुट्टी नाही, म्हणजे बारा वाजता कॅमेरा बंद ठेवून मीटिंगमध्ये बसणार. हरेल त्याने पार्सल पाठवायचं ठरलंय. माझ्याकडून चिवडा, त्यांच्याकडून पेकन पाय. इंडियन स्टोअरमध्ये कच्च्या शेंगा मिळाल्या, त्या आत्ता कुकरला लावल्यात. काकांच्या मते चार तास मंद आचेवर, झाकण अर्धं उघडं ठेवून. माझ्या मते तीन शिट्ट्या. एवढ्या एका गोष्टीवरून मात्र आमचं खरंखुरं वाजू शकतं.