वॉचमनची खुर्ची

रविवारी कळव्यात एका क्लासच्या हॉलमध्ये चौदा मिनिटांची शॉर्टफिल्म बघितली. ओळखीच्या पोरांनी केलीय. सहा दिवस नोकरी आणि सातव्या दिवशी मोबाईलवर शूटिंग. नाव अजून पक्कं व्हायचंय, म्हणून इथे लिहीत नाही.

घोडबंदर रोडवरचा टॉवर. वॉचमन ड्युटीवर झोपतो म्हणून कमिटी त्याची खुर्ची उचलून नेते. बारा तास उभं राहायचं. हा भांडत नाही. व्हिजिटर रजिस्टर उघडतो आणि स्वतःचीच एंट्री करतो. कोणाकडे: सेक्रेटरी. येण्याचे कारण: बसणे. रोज तेच. मग दूधवाला, कुरिअरवाला, घरकामाच्या मावश्या, सगळेच 'येण्याचे कारण: बसणे' लिहायला लागतात. मीटिंगमध्ये सेक्रेटरी ते रजिस्टर मोठ्याने वाचून दाखवतो, तेव्हा हॉलमध्ये हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

माझं पाणी थोडं वेगळं होतं. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या गेटवर रात्रपाळीला होते. सकाळी आले की आधी कोमट मिठाच्या पाण्यात पाय सोडून बसायचे. पाय घोट्यापाशी इतके सुजलेले असायचे की मोज्याची वीण कातडीवर उठायची. आणि तसेच बसून ते आम्हाला सुपरवायझरची नक्कल करून दाखवायचे, त्याचं खाकरणं, त्याचं घड्याळ बघणं. आई हसता हसता पदर तोंडाला लावायची. त्या नकलेवरच आमच्या घराने कितीतरी वाईट महिने काढले.

गरिबावरच्या विनोदी फिल्म मला एरवी बघवत नाहीत. त्याच्या बोलण्याला हसायचं, डब्यातल्या भाकरीला हसायचं. तमाशातला सोंगाड्या असलं करत नाही. तो राजाची, पाटलाची फिरकी घेतो आणि पब्लिक त्याच्या बाजूने हसतं. या पोरांनी ती बाजू सोडलेली नाही. कॅमेरा सगळा वेळ गेटवर, वॉचमनच्या नजरेच्या उंचीवर आहे. गाडीतले मेंबर आपल्याला दिसतात ते फक्त अर्ध्या उघडलेल्या काचेतून.

आवाजाचे मात्र हाल आहेत. रात्री घोडबंदरवरून कंटेनर जातात, त्यात अर्धे संवाद बुडालेत. ते डबिंगने सुधारेल. शेवटाचं काय? सेक्रेटरीचं मन अचानक वितळतं आणि तो स्वतः खुर्ची आणून देतो. हे मला साफ खोटं वाटलं आणि मी तसं तोंडावर सांगितलं. सुरक्षारक्षकांसाठी आपल्या राज्यात १९८१ पासून वेगळा कायदा आहे, मंडळ आहे, तरी आजही कितीतरी गेटांवर बारा तासांची पाळी चालते. एका माणसाच्या चांगुलपणावर ही गोष्ट मिटवू नका. ती शेवटची दोन मिनिटं कापा.

पोरांनी क्लासच्या बिल्डिंगच्या वॉचमनकाकांनाही बघायला बोलावलं होतं. ते दाराशीच उभे होते, एक डोळा गेटवर. रजिस्टरच्या सीनला सगळ्यांत आधी तेच हसले. फिल्म संपल्यावर आमच्यातल्या एकाने विचारलं, काका, काय राहिलं? ते जरा थांबले आणि म्हणाले, "दादा, रात्री तीनला लघवीला जायचं तर गेट कोणाच्या हवाली करायचं, ते कुठं दाखवलंत?"

पुढच्या रविवारी पोरं तो सीन शूट करणार आहेत.