माझ्याकडे तर बरोबर दिसतंय

मामेबहिणीच्या लग्नाची पत्रिका यंदा वेबपेज म्हणून काढायची, असं घरात ठरलं. वेबसाइटी करून पोट भरणारा खानदानात मी एकटाच, त्यामुळे मला कुणी विचारलंसुद्धा नाही. "तुझं काय, रोजचंच काम!" हे वाक्य कानावर आलं की मानधनाचा विषय तिथेच संपतो.

पान केलं. माझ्या मॅकवर, ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये, दृष्ट काढावी असं दिसत होतं. लिंक घरच्या ग्रुपवर टाकली आणि स्क्रीनशॉट यायला लागले.

पहिला मामांच्या ऑफिसातल्या विंडोजवरून. पानाखाली आडवा स्क्रोलबार! मॅकवर स्क्रोलबार पानावर तरंगतो, काम झालं की अदृश्य होतो. विंडोजवर तो पंधरा-सतरा पिक्सेल अडवून बसतो. पानाची रुंदी 'पूर्ण खिडकीएवढी' ठेवली की त्या मापात ही अडवलेली जागाही धरली जाते आणि पान तेवढंच बाहेर सांडतं. हे सगळं मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते असू दे रे, पण हे 'आयएन' आणि 'सीए' काय लिहिलंयस?" ते झेंडे होते. भारताचा आणि कॅनडाचा. मायक्रोसॉफ्टच्या इमोजी फॉन्टात देशांचे झेंडेच नाहीत, म्हणून विंडोजवरच्या क्रोममध्ये तिरंग्याच्या जागी दोन रोमन अक्षरं फडकतात. फायरफॉक्स स्वतःचे झेंडे सोबत घेऊन फिरतो. पण मामांना नवा ब्राउझर टाकायला सांगण्यापेक्षा जावई बदलायला सांगणं सोपं.

तिकडे आत्याच्या आयफोनवर 'आम्ही येतोय' हे बटणच सफारीच्या खालच्या पट्टीआड गेलेलं. मोबाइलवर 'पूर्ण उंची' धरली जाते ती पट्टी आवरल्यानंतरची, हे आत्याला कोण सांगणार? "क्रोममध्ये बघ," म्हटलं. तिथेही तेच. आयफोनवरच्या क्रोमच्या पोटात सफारीचंच वेबकिट, म्हणजे पान मांडणारं इंजिन असतं, ॲपलचा तसा नियमच आहे. २०२४ पासून सूट मिळाली ती युरोपियन युनियनला, पुढे जपानला, आमच्या आत्याला नाही.

खरं तर सगळी एकच भावकी. केएचटीएमएल या जुन्या इंजिनापासून वेबकिट निघालं, २०१३ मध्ये त्यातून गूगलने ब्लिंक वेगळं काढलं, २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझरही ब्लिंकच्या घरात राहायला आला. आजही क्रोम सर्व्हरला ओळख देताना मोझिला, ॲपलवेबकिट, केएचटीएमएल, गेको, सफारी अशी सगळ्यांची नावं घेतो. नाव सगळ्यांचं घेईल, ऐकणार कुणाचं नाही!

पण खरा घोळ अक्षरांनी घातला. पान पाठवणं म्हणजे पत्रिका छापून पाठवणं नव्हे. मजकूर फोनवरून सांगायचा आणि ज्याने त्याने आपल्या हस्ताक्षरात उतरवून घ्यायचा. नवरीचं नाव शलाका. आत्याने विचारलं, "ही हिंदी पत्रिका कुणी केली?" श आणि ल दोन्ही हिंदी वळणाचे! बऱ्याच फॉन्टांत मराठी वळण असतं, पण पानाने 'मी मराठी' असं कोडमध्ये जाहीर करावं लागतं. माझ्या तयार टेम्प्लेटाने परस्पर हिंदी जाहीर करून टाकलं होतं. ते बदललं.

मामांच्या ऑफिसने तर बाहेरचे फॉन्टच अडवलेले. मग विंडोजने घरातला मंगल काढला. सुलेखनकार र. कृ. जोशींनी घडवलेला, गुणी फॉन्ट. पण त्याची रुंदी वेगळी, त्यामुळे नावांची ओळ मोडली. वर एकटी 'शलाका' आणि खाली ठळक अक्षरांत 'कऱ्हाडे आणि अनिकेत'.

"अरे, ऑफिसात कऱ्हाडे म्हणजे मी!" मामा फोनवर ओरडले. "सगळे अभिनंदन करतायत!"

शेवटी माझ्या मॅकवरच्या पानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. सगळ्यांकडे अगदी सारखा. झेंडे फडकत होते, ल मराठी होता, शलाका आणि अनिकेत शेजारी शेजारी होते.

रात्री अकराला आत्याचा फोन. "सुरेख झालंय रे. आता बटणही दिसतंय. पण मी केव्हाची दाबतेय..."