वाईट बातमी आली की गाण्याच्या ग्रूपचं काय करायचं

२२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली. त्यातली सहा आपली, डोंबिवली, पुणे, पनवेलची. अशा रात्री गाण्याच्या ग्रूपवर काय होतं ते ग्रूप चालवणाऱ्यांना सांगायला नको. संध्याकाळी मारव्यातल्या कोमल ऋषभावर गप्पा चाललेल्या असतात. नऊ वाजता पहिला फॉरवर्ड येतो, दहा वाजता दोन सभासद एकमेकांचे पूर्वज काढतात, आणि सकाळपर्यंत पाच-दहा जुने, जाणते श्रोते काही न बोलता बाहेर पडलेले असतात. भांडणारे कधीच जात नाहीत, हे लक्षात घ्या. जातात ते ऐकणारे.

माझं मत असं की ग्रूपवर दुःखाला जागा असावी, बातमीला नसावी. ‘इथे फक्त संगीत, बाकी काही नको’ असा फलक पहिल्या तासात लावणारा ॲडमिन मला तरी दगड वाटतो. सभासदांपैकी कुणाचा शेजारी, कुणाचा मावसभाऊ त्या यादीत असू शकतो. पण दार सताड उघडं ठेवलं तर दोन दिवसांत तो न्यूज चॅनेलचा स्टुडिओ होतो.

म्हणून पहिल्या तासात ॲडमिननेच एक पोस्ट टाकायची, चार ओळींची. ‘आजच्या घटनेने आपण सगळेच हादरलो आहोत. ज्यांना व्यक्त व्हायचं आहे त्यांनी याच पोस्टखाली लिहावं. व्हिडिओ, बातम्या, फॉरवर्ड आणि राजकीय मतं काढून टाकली जातील. उद्या संध्याकाळी सहा वाजता ग्रूप नेहमीसारखा सुरू होईल.’ शेवटचं वाक्य गाळू नका. ग्रूप कधी उघडणार हे ठाऊक नसलं की लोक अस्वस्थ होतात आणि ॲडमिनच्या खासगी चॅटवर धडकतात.

व्हॉट्सॲपवर ही पोस्ट सात दिवसांसाठी पिन करा (पर्याय तीनच आहेत, २४ तास, ७ दिवस आणि ३० दिवस) आणि लोकांचं लिहून झालं की रात्रीपुरता ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ हा पर्याय लावा. चोवीस तासांपेक्षा जास्त मात्र बंद ठेवू नका, नाहीतर कुणीतरी ‘खरा ग्रूप’ नावाचा दुसरा ग्रूप काढतो. श्रद्धांजलीला नुसता हात जोडलेला रिॲक्शन पुरतो. तीनशे ‘ॐ शांती’ आले की लोक ग्रूप म्यूट करतात आणि ते म्यूट पुढे कधीच निघत नाही. फेसबुकवर तीन दिवस प्रत्येक पोस्टला ॲडमिनची मंजुरी लागू करा. अमेरिकेतला एकतरी ॲडमिन हवाच. इथे रात्रीचा एक वाजतो तेव्हा न्यू जर्सीत दुपारचे साडेतीन झालेले असतात, आणि इथले ॲडमिन झोपल्यावरच तिथला वाद रंगात येतो.

आता खरं अवघड प्रकरण, पाकिस्तानी कलाकारांचं. पहलगामनंतर काही पाकिस्तानी यूट्यूब चॅनेलं भारतात बंद झाली. ८ मे २०२५ ला माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने ओटीटी आणि स्ट्रीमिंग कंपन्यांना पाकिस्तानातली गाणी, मालिका, पॉडकास्ट काढायला सांगितलं. ग्रूपवर लगेच ‘लिंक उघडत नाहीये’ असे मेसेज सुरू होतात आणि त्यातून ‘बरं झालं’ विरुद्ध ‘कलेला सीमा नसते’ हा सामना. हे दोन्ही विषयांतरच. दुसरं वाक्य सुसंस्कृत वाटतं म्हणून ॲडमिन त्याला सोडून देतात आणि तिथे पक्षपाताचा आरोप ओढवून घेतात. काढायचं तर दोन्ही काढा.

काहीजण फेसबुकच्या कीवर्ड अलर्टमध्ये (ठरावीक शब्द आला की ॲडमिनला सूचना देणारी सोय) ‘पाकिस्तान’ टाकून मोकळे होतात. त्याने नको ते अडकतं. रोशनआरा बेगम अब्दुल करीम खाँसाहेबांच्या शिष्या, मुंबईत गाजलेल्या आणि फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेल्या. मिरजेच्या या खाँसाहेबांबद्दल बोलताना हे नाव येणारच. बडे गुलाम अली खाँ जन्मले कसूरला, जे आज पाकिस्तानात आहे. पुढे त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं आणि १९६८ मध्ये हैदराबादला वारले. असला गायक कुठल्या कप्प्यात टाकणार? अलर्ट लावायचेच तर शिव्यांवर लावा, आणि प्रत्येक शिवीची रोमन लिपीतली तीन-चार स्पेलिंगं टाका, कारण रागावलेला माणूस देवनागरी टाइप करत बसत नाही.

माझा उपाय सर्वांना पटणार नाही. नावांवर बंदी नको, पण तेरा दिवस हयात पाकिस्तानी गायकांच्या नव्या लिंकही नकोत. ज्या घरातून माणूस गेलाय तिथे सुतक आहे, एवढं कारण पुरे. ध्वनिमुद्रणावर चाललेली जुनी चर्चा चालू राहू द्या.

देशभक्तिपर गाण्यांचा पूर येतो तोही असाच आवरता येतो. सी. रामचंद्रांनी चाल दिलेलं आणि लताबाईंनी २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत गायलेलं ‘ऐ मेरे वतन के लोगों’ अशा वेळी पन्नास जण टाकतात. एक ठेवा, बाकीची काढा, आणि त्याखाली चालीबद्दल, वाद्यमेळाबद्दल विचारा. उत्तर देणारे निघतात.

कलाकाराचं निधन हा वेगळा प्रकार, कारण तिथे शोक हाच विषय असतो. तरी गाडी घसरतेच. ६ फेब्रुवारी २०२२ ला लताबाई गेल्या आणि संध्याकाळी शिवाजी पार्कातल्या अंत्यदर्शनाची एक क्लिप फिरली. शाहरुख खानने दुवा मागून फुंकर घातली तर ‘थुंकला’ म्हणून गदारोळ झाला. ज्या बाईंनी सात दशकं गायलं त्यांच्या दिवशी लोक एका फुंकरीवर भांडत होते! ३१ मे २०२२ ला गायक केके कोलकात्याच्या कार्यक्रमानंतर गेले, तेव्हा त्यांचे घामाघूम अवस्थेतले व्हिडिओ फिरले. शेवटच्या क्षणांचे असे व्हिडिओ आणि रुग्णालयातले फोटो सरसकट काढा, त्यावर चर्चा नको.

घाई हा तिसरा रोग. १५ डिसेंबर २०२४ च्या रात्री तबलावादक झाकीरभाईंच्या (झाकीर हुसेन) निधनाची बातमी सगळीकडे झळकली, मग घरच्यांकडून इन्कार आला, आणि दुसऱ्या दिवशी ती खरी ठरली. कुटुंबाचं निवेदन आल्याशिवाय श्रद्धांजली नाही, हा नियम लिहून ठेवा. भले ग्रूप चार तास मागे राहो.

निवेदन आलं की कोलाज आणि चरित्राचे फॉरवर्ड बंद, आणि एका सभासदाचं एकच ध्वनिमुद्रण. सोबत राग, ताल, साथीदार, साल माहीत असेल तर साल, आणि नेमकं कितव्या मिनिटाला काय ऐकायचं ते. जानेवारी २०२४ मध्ये नऊ तारखेला राशीद खाँ आणि तेराला प्रभाताई अत्रे गेल्या, म्हणजे एकाचा धागा संपायच्या आत दुसरा. अशा वेळी धागे वेगळे ठेवा. प्रभाताईंच्या धाग्यावर ‘मारुबिहागात सरगम कुठे सुरू होते ते सांगा’ एवढं विचारलं तरी माणसं ऐकायला बसतात. ‘आठवणी सांगा’ म्हटलं की स्वतःचे सेल्फी येतात.

कायद्याचं थोडक्यात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की समान हेतू किंवा पूर्वनियोजित कट नसेल तर सभासदाच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. पण ॲडमिनने स्वतः केलेल्या फॉरवर्डला ही ढाल नाही. आणि २०२२ पासून व्हॉट्सॲपवर ॲडमिनला कुणाचाही मेसेज सर्वांसाठी पुसता येतो, म्हणजे ‘माझ्या हातात काय आहे’ हे आता चालत नाही. पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या, पुसल्यावर त्या माणसाला खासगीत एक ओळ लिहा. चारचौघांत दम देऊ नका, त्याने तो हुतात्मा होतो. दुसऱ्यांदा झालं तर काढा आणि महिन्याने परत घ्या.

तारखाही कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. वर्षाने फेसबुक आपणहून ‘आठवण’ वर आणतं आणि तोच वाद जुन्या स्क्रीनशॉटसकट परत येतो. आदल्या रात्री पोस्टची मंजुरी लावायची, सकाळी श्रवणाचा एक धागा आधीच लिहून तयार ठेवायचा, आणि अमेरिकेतल्या ॲडमिनला त्या दिवशी फोनवर आहेस ना, असं आधी विचारून घ्यायचं.