स्पीड नाही बे!

कॅन्सस सिटीत राहायचं तर बार्बेक्यू न खाता एक वेळ निभावतं. मी शाकाहारी आहे, मला सवलत मिळालेली आहे. पण चीफ्स या इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या रिसीव्हरांना पुरेसा वेग आहे की नाही, यावर मत नसलेला माणूस इथे खपवून घेत नाहीत. ऑफिसच्या लिफ्टमध्ये विचारतात, किराणा दुकानात कोथिंबीर निवडताना विचारतात. माझा दातांचा डॉक्टर तर तोंडात यंत्र घालून मगच विचारतो आणि माझं ‘आं’ हा पाठिंबा समजून पुढे बोलत सुटतो.

हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. यात क्वार्टरबॅक चेंडू हाताने फेकतो, रिसीव्हर पुढे धूम ठोकतात आणि कुणीतरी अंगावर येऊन आदळायच्या आत तो झेलतात. मधल्या काळात लोक चर्चा करतात. खेळ काही सेकंदांचा आणि पुढचा डाव मांडायला चाळीस सेकंद. त्यामुळे चर्चेला भरपूर वाव.

आमच्याकडे या वादाचा जन्म मार्च २०२२ मधला. टायरीक हिल नावाचा वाऱ्यासारखा पळणारा गडी चीफ्सने मायामीला देऊन टाकला आणि बदल्यात ड्राफ्टमधले, म्हणजे कॉलेजातून येणारे नवे खेळाडू निवडायचे, पाच हक्क घेतले. शहराला सुतक लागलं. “स्पीड गेला!” म्हणून लोक हळहळले. त्याच मोसमात चीफ्स सुपर बोल, म्हणजे स्पर्धेचा अंतिम सामना, जिंकले, तरी सुतक फिटेना. मिरवणुकीहून परतताना लोक म्हणत होते, “जिंकलो खरं, पण स्पीड कुठाय?”

माझ्या वाट्याला यातला सर्वांत कडवा कार्यकर्ता आला आहे. त्याला आम्ही नागपूरकर म्हणतो. त्याच्या तळघरात भलामोठा टीव्ही आहे, त्यामुळे त्याची मतं ऐकणं भाग पडतं. त्याची बायको सामन्याला तर्री-पोहे करते, हे दुसरं कारण. खरं म्हणजे पहिलं.

२० नोव्हेंबर २०२३ ची रात्र. सोमवार, चीफ्सच्या ॲरोहेड मैदानावर पाऊस, समोर फिलाडेल्फिया, चीफ्स चार गुणांनी मागे आणि दोन मिनिटंसुद्धा उरलेली नाहीत. माझे सासरे, अण्णा, त्या हिवाळ्यात साताऱ्याहून आले होते. आयुष्यभर शाळेत पीटी शिकवलेली, त्यामुळे टीव्हीसमोरसुद्धा ‘विश्राम’मध्ये उभे राहतात. आमचा क्वार्टरबॅक महोम्स, त्याने लांबलचक चेंडू फेकला. रिसीव्हर व्हाल्डेस-स्कँटलिंग सगळ्यांच्या पुढे निघून गेलेला, आसपास चिटपाखरू नाही. चेंडू अलगद त्याच्या हातांत आला आणि हातांतून पुढे निघून गेला. तळघरात अशी शांतता पसरली की वरच्या मजल्यावरचा डिशवॉशर ऐकू आला.

“पाहिलं? स्पीड नाही बे!” नागपूरकर म्हणाला.

मी म्हटलं, “अरे, तो सगळ्यांच्या पुढे होता. चाळीस यार्ड ४.३७ सेकंदांत पळणारा माणूस आहे तो. सुटला तो झेल.”

“तेच तर सांगून राहिलो. हिल असता तर अजून पुढे असता.”

यावर काय बोलणार? मी पोह्यांवर तर्री ओतून घेतली.

तीनच आठवड्यांनी बफेलोविरुद्ध चीफ्सच्या केल्सीने झेललेला चेंडू मागे आपल्याच टोनीकडे टाकला, टोनी थेट गोलरेषेपार. पण खेळ सुरू होण्याआधीच टोनीचं पाऊल रेषेच्या पुढे होतं, म्हणून सगळं रद्द, सामना गेला. आता यात वेग कमी पडला की जास्त झाला? नागपूरकरचं म्हणणं, अंगात स्पीड नाही म्हणूनच पोरगा पुढून निघायला बघत होता. अशा बुद्धीपुढे आपण नुसते हात जोडावेत.

मी हात न जोडता पुरावे काढले, हा माझा स्वभावदोष. रिसीव्हर जेरी राइस. झेलांवर मिळवलेले २२,८९५ यार्ड, लीगमधला सार्वकालिक उच्चांक, आणि कॉलेजातून आला तेव्हा पळण्यात बेताचाच समजला गेला होता. अँक्वान बोल्डिनने चाळीस यार्डांना ४.७१ सेकंद घेतले आणि २००३ मध्ये लीगमधल्या पहिल्याच सामन्यात २१७ यार्ड मिळवले. उलट जॉन रॉस २०१७ मध्ये ४.२२ पळाला, तेव्हाचा विक्रम. सिनसिनाटीने नवव्या क्रमांकावर उचलला आणि पहिल्या मोसमात त्याच्या नावावर एकही झेल नाही.

अण्णा सगळं ऐकत होते. म्हणाले, “जावईबापू, सरळ तर म्हैससुद्धा पळते. खो-खोत गडी कळतो तो वळताना.”

मला उभं राहून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सगळा खेळच वळण्याचा आहे. रिसीव्हर दहा पावलं सरळ जातो, खांदा एका बाजूला टाकतो, पाऊल रोवतो आणि दुसरीकडे वळतो; पाठलाग करणारा तेवढ्यात चकला की झालं. पण वळणं घड्याळात बसत नाही, पळणं बसतं. म्हणून दातांचे डॉक्टरसुद्धा पळण्यावरच बोलतात.

नागपूरकर म्हणाला, “अण्णा, म्हशीला एजंट नसतो.”

त्या मोसमातही सुपर बोल चीफ्सच जिंकले. त्याआधीच्या फेरीत बाल्टिमोरविरुद्धचा निर्णायक लांब झेल कुणी घेतला? त्याच व्हाल्डेस-स्कँटलिंगने. तरीही एप्रिल २०२४ मध्ये संघाने ड्राफ्टमध्ये चार पायऱ्या वर चढून झेवियर वर्दीला घेतलं. ड्राफ्टआधी इंडियानापोलिसला नव्या खेळाडूंची चाचणी होते, तिथे ४.२१, रॉसचा विक्रम मोडलेला. नागपूरकरने पेढे वाटले आणि आपल्या घरासमोरच्या रस्त्यावर खडूने चाळीस यार्ड आखले.

अण्णांच्या हाती फोनचं स्टॉपवॉच दिलं. इंडियानापोलिसला घड्याळ सुरू होतं ते पळणारा हलल्यावर, त्यामुळे तयारीला हवा तेवढा वेळ लावता येतो. ती सवलत नागपूरकरने पुरेपूर घेतली. एक हात जमिनीवर टेकून तो इतका वेळ ओणवा राहिला की समोरच्या अमेरिकन आजींनी “काही हरवलंय का?” म्हणून चौकशी केली. मग तो सुटला. रेषा ओलांडून कठड्यावर बसला, बोट वर करून वेळ विचारली. बोलता येत नव्हतं.

अण्णांनी फोन दाखवला. ४.३.

काही क्षण खुद्द नागपूरकरचासुद्धा विश्वास बसला. मग अण्णा म्हणाले, “अर्ध्यापर्यंत मला वाटलं, तुम्ही नुसते चालायला निघालात. नंतर पळताय असं दिसलं, तेव्हा बटण दाबलं.”

पुढे फेब्रुवारी २०२५, पुन्हा सुपर बोल, पुन्हा फिलाडेल्फिया. वर्दीने १५७ यार्ड मिळवले आणि दोन टचडाउन केले, म्हणजे दोनदा चेंडू गोलरेषेपार नेला. स्पीड आला होता. चीफ्स ४०–२२ असे सपाटून हरले, कारण महोम्सला चेंडू फेकायला वेळच मिळेना. सहा वेळा त्याला आडवा केला. दुसऱ्या दिवसापासून रिसीव्हर सुटले आणि चर्चा लागली ती महोम्सचं रक्षण करणाऱ्या पुढच्या फळीच्या मागे. ही दीडशे किलोच्या आसपासची माणसं. त्यांची वजनं पुरेशी आहेत का, असा आता प्रश्न आहे. या विषयावर मात्र मी अधिकाराने बोलू शकेन, असं बायको पोह्यांच्या ताटलीकडे बघत म्हणाली.