रंगावरून तरंगलांबी ओळखता येते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. तुम्ही सविस्तर आणि रोखठोक लिहिलंत, म्हणून मीही सविस्तर लिहितो. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या पिवळ्यात खरा पिवळा प्रकाश जवळजवळ नसतो आणि राणी रंगाला स्वतःची अशी तरंगलांबीच नाही. त्यावर तुमचे आक्षेप असे: पुस्तकात प्रत्येक रंगाची तरंगलांबी दिलेली असताना असं लिहिलं की मुलांचा गोंधळ उडतो, रंग मेंदूत ठरतो म्हटलं की भौतिकशास्त्र उरत नाही, मनाचे खेळ उरतात, आणि पिवळा तो पिवळाच, तो कशाचा बनलाय याने काय फरक पडतो?

पुस्तकातला तक्ता बरोबरच आहे. 'तानापिहिनिपाजा' मीही तसंच पाठ केलं. अंधाऱ्या खोलीत फक्त ५८० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश डोळ्यांत आला तर सर्वसाधारण दृष्टीच्या माणसाला पिवळाच दिसणार. माझं म्हणणं उलट्या दिशेचं आहे. पिवळा दिसला म्हणजे ५८० आलाच असेल, असं धरता येत नाही. बेरीज १२ आली म्हणून ७ आणि ५च मिळवले होते असं थोडंच असतं? ८ आणि ४ही असू शकतात.

मोबाइलवर पूर्ण पिवळं चित्र लावा आणि पडद्यावर पाण्याचा अगदी बारीक थेंब ठेवा. थेंब भिंगाचं काम करतो. त्यात लाल आणि हिरवे ठिपके शेजारी शेजारी पेटलेले दिसतात. निळे विझलेले असतात. थेंब पुसला की पुन्हा सलग पिवळं.

असं का होतं, याचं उत्तर दृष्टिपटलावरच्या शंकू पेशींत आहे. त्या तीन प्रकारच्या: एकीचा प्रतिसाद साधारण ४२० नॅनोमीटरला सर्वाधिक, दुसरीचा ५३० च्या आसपास, तिसरीचा ५६० च्या. पेशीने फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, शोषला की त्याची तरंगलांबी किती होती ही माहिती तिथेच संपते. पुढे जातो तो फक्त प्रतिसाद किती जोराचा होता एवढाच संदेश. तिन्ही पेशींच्या प्रतिसादांची तुलना करून रंग ठरतो. ५८० चा प्रकाश पहिलीला जवळजवळ हलवतच नाही, उरलेल्या दोघींना एका ठरावीक प्रमाणात हलवतो. लाल आणि हिरवा प्रकाश योग्य प्रमाणात मिसळला तर तेच प्रमाण साधतं. मग डोळ्याने फरक करायचा तरी कशावरून?

राणी रंगाचंही असंच. त्यासाठी पहिली आणि तिसरी पेशी जोरात चालायला हवी आणि मधली मागे राहायला हवी. वर्णपटातली कुठलीही एकच तरंगलांबी हे करू शकत नाही. तांबडा आणि निळा-जांभळा प्रकाश एकत्रच यावा लागतो. इंद्रधनुष्यात तुम्हाला राणी रंगाचा पट्टा सापडत नाही तो यामुळे.

आता भौतिकशास्त्राबद्दल. न्यूटनने १७०४ सालच्या 'ऑप्टिक्स'मध्ये स्वतःच स्पष्ट केलंय की किरण मुळात रंगीत नसतात, अमुक रंगाची संवेदना जागवण्याची क्षमता त्यांच्यात असते. आणि मेंदूत ठरतं म्हणजे मोजता येत नाही, असं मुळीच नाही. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड या दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले. एका बाजूला एकाच तरंगलांबीचा प्रकाश, दुसऱ्या बाजूला तीन दिव्यांचं मिश्रण. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या दिसेपर्यंत निरीक्षकाने दिवे कमी-जास्त करायचे. दोघांचे मिळून अवघे १७ निरीक्षक होते. त्या आकड्यांवरून १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलं आणि टीव्हीपासून छपाईपर्यंत रंगांचं मोजमाप आजही त्यावर उभं आहे. याला मनाचे खेळ कसं म्हणायचं?

फरक काय पडतो, हे मॅचिंग सेंटरमध्ये गेलेल्या कुणालाही विचारा. दुकानातल्या दिव्याखाली साडीशी तंतोतंत जुळलेला ब्लाउजपीस उन्हात वेगळाच दिसतो. दोन्ही कापडांचे रंग वेगळ्या रसायनांचे, त्यामुळे कुठली तरंगलांबी किती परावर्तित होते तेही वेगळं. एका उजेडात बेरीज जुळते, दुसऱ्यात फसते. बायका कापड दुकानाच्या दारापर्यंत उजेडात नेऊन बघतात, ते अगदी शास्त्रशुद्ध आहे.

मुलांच्या गोंधळाची काळजी मलाही आहे, पण मला वर्गातला तो मुलगा जास्त आठवतो ज्याला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. त्याच्या डोळ्यांत येणारा प्रकाश शेजारच्या मुलाच्या डोळ्यांत येतो तोच असतो, फक्त शंकू पेशी वेगळ्या. रंग म्हणजेच तरंगलांबी असं शिकवलं तर त्याच्या दिसण्याला पुस्तकात जागाच राहत नाही.

तुम्ही ज्युनियर कॉलेजात शिकवता असं लिहिलंय, तर प्रयोगशाळेत सोडियमचा दिवा असेलच. खोलीत अंधार करून त्याचा पिवळा प्रकाश जुन्या सीडीवर तिरका पाडा आणि मुलांना परावर्तन बघू द्या: पिवळ्याशिवाय ठळक असं काही दिसणार नाही. मग दिवा बंद करून मोबाइलवर काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी बारीक रेघ लावा आणि तीच सीडी तिच्यासमोर धरा. लाल आणि हिरवा वेगवेगळे होतील. दोन्ही पिवळे आधी शेजारी शेजारी दाखवा आणि कुठला कुठल्या तरंगलांबीचा ते मुलांकडून वहीत लिहून घ्या; सीडी त्यानंतरच काढा.